एक संगणक, अनेक साउंड कार्डं

घरात वापरला जाणारा अगदी साधा डेस्कटॉप घेतला, तरी आज त्यात बहुधा एकाहून जास्त साउंड कार्डं असतात. एक मदरबोर्डवरचं, ज्याच्या हिरव्या सॉकेटमध्ये स्पीकरची पिन जाते. दुसरं ग्राफिक्सच्या चिपमध्ये, कारण मॉनिटरकडे जाणारी एचडीएमआय केबल चित्राबरोबर आवाजही नेते. वेबकॅम लावला की त्याच्या माइकचं तिसरं. यूएसबी हेडसेट खोचला की चौथं. यातलं एकही 'साउंड कार्ड' म्हणून कुणी विकत आणलेलं नसतं. त्यामुळे आवाज बंद पडला की नेमकं कुठे बघायचं, हेच सुचत नाही. गाणं चालू आहे, पट्टी पुढे सरकते आहे, आवाज शंभर टक्क्यांवर आहे आणि स्पीकर मात्र गप्प! लिनक्सवर 'आवाजच येत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा आवाज प्रत्यक्षात व्यवस्थित निघालेला असतो, फक्त तो स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे गेलेला असतो.

ही पुस्तिका आवाजाच्या या वाटांविषयी आहे. संगणकात दोन, तीन किंवा पाच कार्डं असताना कोणता आवाज कुठून निघावा आणि कोणत्या माइकचं बोलणं कोणत्या प्रोग्रॅमला ऐकू जावं, हे वापरणाऱ्याने ठरवावं, यासाठी ती लिहिली आहे. लिनक्सवर हे काम फार चांगलं होतं, आणि हवं तितक्या बारकाईने करता येतं. त्यासाठी दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्याव्या लागतात. एक कार्डाची ओळख, म्हणजे संगणक त्याला कशावरून ओळखतो ते. आणि दुसरी कार्डाचं घड्याळ. अनेक कार्डांच्या ज्या अडचणी आजवर माझ्यासमोर आल्या, त्यांचं मूळ बहुतेक वेळा या दोहोंपैकी एकात निघालं.

आजची व्यवस्था अशी का आहे हे कळायला थोडं मागे जावं लागतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या हन्नू साव्होलायनेन यांनी लिनक्ससाठी साउंड कार्डाचे ड्रायव्हर लिहायला घेतले आणि त्यातून ओएसएस ही पद्धत रुजली. तिच्यात साउंड कार्ड म्हणजे 'डीएसपी' नावाची एक फाइल. प्रोग्रॅमने ती उघडायची आणि तिच्यात आवाज लिहायचा. कल्पना सुटसुटीत होती, पण ज्याने फाइल आधी उघडली त्याचंच राज्य. दुसऱ्या प्रोग्रॅमला 'डिव्हाइस बिझी' एवढंच उत्तर मिळायचं. गाणं चालू असताना संदेशाची घंटा वाजणं ही तेव्हा चैन होती. दोन प्रोग्रॅम एकदम ऐकायचे, तर दुसरं कार्ड बसवणं हा सरळ उपाय होता. नाहीतर साउंड ब्लास्टर लाइव्हसारखं कार्ड घ्यायचं, ज्याची चिप स्वतःच अनेक आवाज एकत्र मिसळू शकत होती.

1998 मध्ये चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनी अल्सा सुरू केलं. मुळात त्यांना ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड हे कार्ड पूर्ण ताकदीने चालवायचं होतं. त्या एका कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमधून पुढे अख्खी यंत्रणा उभी राहिली आणि डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 या कर्नलमध्ये ती अधिकृतपणे दाखल झाली. आजही लिनक्सवर यूएसबी किंवा पीसीआय कार्डातून निघणारा प्रत्येक आवाज अल्सातूनच जातो. वर कितीही थर चढले तरी तळाशी तेच आहे. म्हणून अनेक कार्डांचा अभ्यास तळापासून, अल्सापासून करावा, असं माझं ठाम मत आहे. वरच्या खिडकीत बटणं दाबून बघण्यात तासन्‌तास जातात. तळाशी पाच मिनिटं घालवली, तर बहुतेक उलगडा तिथेच होतो.

अल्सा प्रत्येक कार्डाला क्रमांक देतं आणि मोजणी शून्यापासून करतं. वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर 0 क्रमांकाचं कार्ड हे मूळ कार्ड. आता हा क्रमांक ठरतो कसा? संगणक सुरू होताना ज्याचा ड्रायव्हर आधी जागा झाला, त्याला आधीचा क्रमांक. घोळाची सुरुवात इथेच होते. काल वेबकॅम 2 होता आणि हेडसेट 3. आज हेडसेट वेगळ्या पोर्टमध्ये लावला, किंवा दोन्ही काढून उलट क्रमाने पुन्हा खोचले, आणि दोघांची अदलाबदल झाली. 'कार्ड 2 मधून रेकॉर्ड कर' असं ज्या प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं, तो आता भलत्याच माइकला कान लावून बसतो. कुठेही काही बिघडलेलं नसतं. क्रमांक हा फक्त हजेरीचा क्रम आहे आणि तो रोज तोच राहील, असं अल्साने कधीच कबूल केलेलं नाही.

क्रमांकाबरोबर अल्सा प्रत्येक कार्डाला एक छोटं नावही देतं. 'प्रोक' या आभासी फोल्डरात 'असाउंड' नावाचं फोल्डर आहे, त्यातली 'कार्ड्स' ही फाइल टर्मिनलमध्ये उघडली की सगळी यादी समोर येते: आधी क्रमांक, मग चौकटी कंसात नाव, पुढे ड्रायव्हर आणि कार्डाचं लांबलचक वर्णन. इंटेलच्या बऱ्याच मदरबोर्डांवर हे नाव 'पीसीएच' असतं, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर 'एनव्हिडिया'. सेटिंगमध्ये क्रमांकाऐवजी हे नाव लिहिलं की अर्ध्या तक्रारी मिटतात. 'कार्ड 0' म्हणण्याऐवजी 'कार्ड पीसीएच' म्हणायचं, मग ते हजेरीत कितव्याही जागी उभं राहो.

पण नावही प्रत्येक वेळी तारत नाही. एएमडीच्या कितीतरी डेस्कटॉपवर एचडीएमआयचं आणि मदरबोर्डवरचं अशी दोन्ही कार्डं एकाच ड्रायव्हरखाली येतात आणि दोघांचं वर्णन 'एचडी ऑडिओ जेनेरिक' हेच असतं. मग एकाचं नाव 'जेनेरिक' आणि दुसऱ्याचं 'जेनेरिक_1'. त्यातही एचडीएमआय अनेकदा आधी उभं राहतं आणि 0 क्रमांक पटकावतं. नव्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकल्या टाकल्या स्पीकर मुके होतात, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. पॉडकास्टसाठी एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन यूएसबी माइक आणणाऱ्यांची पंचाईत याहून मोठी. नाव सारखं, वर्णन सारखं, आणि स्वस्त मालात अनुक्रमांकही सारखा. अशा वेळी उरते ती एकच खूण, म्हणजे माइक संगणकाच्या कोणत्या पोर्टमध्ये खोचला आहे ती. 'यूडेव्ह' या यंत्रणेत दोन ओळींचा नियम लिहून 'या पोर्टमध्ये येईल तो यजमान, त्या पोर्टमध्ये येईल तो पाहुणा' असं कायमचं नाव देता येतं. त्यानंतर पोर्टवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी. हा सल्ला मी पूर्ण गांभीर्याने देतो आहे. नियमाइतकीच ती पट्टीही कामाची असते.

आता घड्याळ. याविषयी मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण नावांचा घोळ लगेच दिसतो, घड्याळाचा तासाभराने उघडकीला येतो आणि तोवर रेकॉर्डिंग वाया गेलेलं असतं.

डिजिटल आवाज म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेले नमुने. 48000 हर्ट्झ म्हणजे सेकंदाला 48000 नमुने. पण 'सेकंद' कुणाचा? प्रत्येक कार्डावर क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो आणि त्याच्या कंपनांवर ते कार्ड आपला सेकंद मोजतं. कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत पन्नास एवढा फरक धरला, तर एक कार्ड दुसऱ्यापेक्षा सेकंदाला सुमारे अडीच नमुने पुढे जातं. ऐकताना हे कळणंही शक्य नाही. पण तासाभरात हाच फरक 0.18 सेकंदांचा होतो. दोन माइकवर तासभर मुलाखत रेकॉर्ड केली, तर सुरुवातीला एकमेकांवर नीट बसलेले दोन ट्रॅक शेवटाला इतके सरकलेले असतात की एका माइकमध्ये शिरलेला दुसऱ्याचा आवाज प्रतिध्वनीसारखा वेगळा ऐकू येतो. सुरुवातीचा भाग जुळवला तर शेवट बिघडतो, शेवट जुळवला तर सुरुवात. ज्यांना घड्याळाची ही गोष्ट ठाऊक नसते, ते माइकला, केबलला, सॉफ्टवेअरला आणि शेवटी लिनक्सला दोष देतात.

अल्सामध्ये 'मल्टी' नावाची एक सोय आहे. दोन कार्डं जोडून त्यांचं एक मोठं कार्ड असल्यासारखं ती भासवते. जुन्या मार्गदर्शनांत तिची फार स्तुती आढळते. ही सोय वाहिन्या एकत्र करते, घड्याळं एक करत नाही. दोन्ही कार्डं बाहेरून एकाच घड्याळाला बांधलेली असतील तरच ती बिनधास्त वापरावी. व्यावसायिक कार्डांवर त्यासाठी 'वर्ड क्लॉक'चं सॉकेट असतं, किंवा एस्पीडिफच्या केबलवरून एक कार्ड दुसऱ्याचं घड्याळ उचलू शकतं. यूएसबीच्या स्वस्त कार्डांवर यातलं सहसा काहीच नसतं.

दुसरा मार्ग सॉफ्टवेअरचा. एका कार्डाचं घड्याळ प्रमाण मानायचं आणि दुसऱ्या कार्डाच्या आवाजाचा वेग सतत किंचित कमीजास्त करत त्याला पहिल्याच्या पायरीत ठेवायचं. याला रीसॅम्पलिंग म्हणतात. पॉल डेव्हिस यांच्या जॅक या ध्वनिसर्व्हरवर, म्हणजे प्रोग्रॅम आणि अल्सा यांच्यामधल्या थरावर, फॉन्स आद्रियान्सेन यांच्या 'झीटा' साधनांनी हे काम अनेक वर्षं उत्तम केलं. पण जॅक संगीतकारांच्या शिस्तीतला होता, सर्वसामान्य वापरणाऱ्याला तो झेपणारा नव्हता. सर्वसामान्यांसाठी लेनार्ट पोएटरिंग यांचा पल्सऑडिओ आला. 2007 मध्ये फेडोरा 8 आणि 2008 मध्ये उबंटू 8.04 यांनी तो स्वीकारला. सुरुवातीची काही वर्षं त्याने लोकांना बराच त्रास दिला आणि त्याबद्दल बोलणीही पुष्कळ खाल्ली. पण चालू गाणं मध्येच उचलून स्पीकरवरून हेडफोनवर नेता येतं, प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळ्या कार्डाकडे वळवता येतो, हे सामान्य वापरणाऱ्याच्या हातात त्यानेच दिलं. त्याचं हे श्रेय मला नि:संकोच द्यावंसं वाटतं.

या दोन परंपरा एकत्र आणल्या विम टेमन्स यांनी. जीस्ट्रीमर या मल्टिमीडिया सॉफ्टवेअरच्या प्रमुख कर्त्यांपैकी ते एक. रेड हॅटमध्ये असताना त्यांनी सुरू केलेलं पाइपवायर हे काम मुळात व्हिडिओसाठी होतं, पुढे त्याने आवाजही आपल्याकडे घेतला. 2021 मध्ये फेडोरा 34 ने ते मुख्य ध्वनिसर्व्हर म्हणून घेतलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये त्याची 1.0 ही आवृत्ती आली. पल्सऑडिओसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्याला पल्सऑडिओ समजतात, जॅकचे प्रोग्रॅम जॅक समजतात, आणि दोन्ही प्रकारचे आवाज एकाच जाळ्यात एकत्र फिरतात. या पुस्तिकेतल्या बहुतेक कृती पाइपवायर धरून लिहिल्या आहेत. जुना संगणक, जुनं डिस्ट्रो असलेल्यांसाठी पल्सऑडिओची एक स्वतंत्र पुरवणी शेवटी जोडली आहे.

अनेक कार्डांच्या बाबतीत पाइपवायर काय करतं ते दिंडीवरून चटकन कळेल. पखवाज लय धरतो आणि टाळकरी, कितीही असोत, त्या लयीत टाळ धरतात. पाइपवायरही एकमेकांशी जोडलेल्या कार्डांपैकी एकाला 'ड्रायव्हर' नेमतं. त्याचं घड्याळ हे प्रमाण, आणि बाकीची कार्डं रीसॅम्पलिंग करून त्याच्यामागे चालतात. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये 'पीडब्ल्यू-टॉप' ही कमांड द्यावी. ड्रायव्हर कार्डाचं नाव चिन्हाशिवाय लिहिलेलं दिसतं आणि त्याच्यामागे चालणारी कार्डं त्याच्याखाली, अधिकचं चिन्ह लावून. 'ईआरआर' नावाच्या रकान्यात चुकांची संख्या असते. आवाज तडतडत असेल आणि हा आकडा वाढत असेल, तर कोणतं कार्ड मागे पडतं आहे ते इथे नावानिशी कळतं. मी आता कुठल्याही तक्रारीत आधी हा रकाना बघायला सांगतो.

इतका खटाटोप कुणासाठी? संगीतकारांसाठी तर आहेच. पण माझ्या मते या विषयाची सगळ्यांत मोठी गरज दृष्टिहीन वापरणाऱ्यांची आहे आणि तिच्याविषयी फार कमी लिहिलं गेलं आहे. लिनक्सवर ओर्का हा प्रोग्रॅम पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. ईस्पीक एनजी या वाचा-इंजिनात मराठीही आहे, त्यामुळे मराठी मजकूरही ऐकता येतो. आता कल्पना करा, ऑनलाइन बैठक चालू आहे, समोरचा माणूस बोलतो आहे आणि त्याच स्पीकरवर ओर्का खिडक्यांची नावं वाचतो आहे. दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात आणि कशाचाच अर्थ लागत नाही. ओर्काचा आवाज एका साध्या यूएसबी कार्डावरून एका कानातल्या इअरफोनला द्यायचा आणि बैठकीचा आवाज स्पीकरवर ठेवायचा. एवढ्याने त्या व्यक्तीला काम करणं शक्य होतं, आणि बैठकीतल्या इतरांना ओर्काची बडबड माइकमधून ऐकावी लागत नाही. म्हणून ओर्काचं प्रकरण मी पुस्तिकेत सुरुवातीकडे घेतलं आहे, रेकॉर्डिंगच्याही आधी.

हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांची, गरज वेगळी आहे. खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांना 1993 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँक यांनी 2017 मध्ये एफटी8 ही संदेशपद्धत आणली. तिच्यात संगणकाने निर्माण केलेले सूर पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी रेडिओवरून जातात आणि अतिशय क्षीण संदेशही पलीकडे वाचता येतो. रेडिओ संगणकाला जोडला जातो तो साउंड कार्डातूनच. अशा वेळी रेडिओचं कार्ड चुकून संगणकाचं मूळ कार्ड झालं, तर मेल आल्याची घंटा आणि ब्राउझरमधलं गाणंसुद्धा हवेत प्रसारित होतं. हौशी परवान्यावर संगीत प्रसारित करायला मनाई असते. त्यामुळे रेडिओसाठी वेगळं कार्ड आणि ते मूळ कार्ड होणार नाही अशी पक्की तजवीज, हा इथे नियमपालनाचा भाग आहे.

मिक्स या मुक्त सॉफ्टवेअरवर गाणी वाजवणाऱ्यांना लोकांसाठीचं गाणं स्पीकरवर आणि पुढचं गाणं आपल्या हेडफोनवर हवं असतं. जुन्या कॅसेट संगणकात उतरवून घेणाऱ्यांना टेपरेकॉर्डरसाठी लाइन-इन असलेलं एक कार्ड लागतं आणि इतर आवाज त्याच्यापासून दूर ठेवावे लागतात. या दोन्ही कृती छोट्या आहेत, त्यांची प्रकरणंही छोटी आहेत.

खरेदीविषयी माझं मत आधीच सांगून ठेवतो. चार माणसांचं बोलणं एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं असेल, तर दोन स्वस्त कार्डं जोडण्यापेक्षा चार माइक घेणारं एकच ऑडिओ इंटरफेस आणावं. एक उपकरण, एक घड्याळ, आणि ट्रॅक सरकण्याचा प्रश्नच मिटला. अनेक कार्डं खरी शोभतात ती वेगवेगळी कामं वेगळी ठेवायला. एकच काम दोघांत वाटायचं असेल तर पाइपवायर ते निभावून नेतं, हे खरं. पण मैफलीचं रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा होत नसतं, तिथे मी ही जोखीम घेणार नाही.

आणखी एक विनंती. इंटरनेटवर सापडलेली अल्साच्या सेटिंगची 'असाउंडआरसी' फाइल जशीच्या तशी आपल्या होम फोल्डरात टाकू नका. तिच्यातले कार्डांचे क्रमांक दुसऱ्याच्या संगणकाचे असतात. शिवाय ही फाइल अल्साच्या थरात बसून पाइपवायरला वळसा घालते. मग वरच्या खिडकीत सगळं ठीक दिसतं आणि एखादाच प्रोग्रॅम वेड्यासारखा वागतो. पूर्वी कधी अशी फाइल टाकली असेल, तर आधी तिचं नाव बदलून बाजूला ठेवा. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्याने ती नेहमीच्या यादीत दिसत नाही, हे लक्षात असू द्या.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करा. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडा आणि एफ6 दाबा. आपल्या संगणकातली सगळी कार्डं नावांसकट दिसतील. एकेक निवडून बघा. एखाद्या पट्टीखाली 'एमएम' लिहिलं असेल, तर ती पट्टी बंद आहे. 'एम' दाबलं की 'एमएम'च्या जागी '00' येतं आणि ती उघडते. मदरबोर्डच्या कार्डावर 'ऑटो-म्यूट' दिसलं, तर पुढच्या सॉकेटमध्ये हेडफोन खोचताच मागचे स्पीकर का गप्प होतात, याचं उत्तरही तिथेच मिळेल. मग ही सगळी नावं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर त्याला प्रत्यक्ष काय जोडलं आहे ते लिहा. पुढच्या प्रत्येक प्रकरणात तो कागद लागणार आहे.